हात नाही हलला, नातू हलला

वाचक ताईंचं पत्र थोडं आवरून देतो आहे.

"मी देवरुखची. शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. नातू चार वर्षांचा आहे, पुण्याला असतो, सुट्टीत इकडे येतो. त्याचे फोटो मोबाइलवर काढते, पण निम्मे हललेले येतात. माझ्या हाताला थोडा कंप आहे, त्यामुळेच होत असणार. चष्मा आहे, उन्हात मोबाइलवर काही दिसत नाही, अंदाजाने दाबते. कर्णेश्वराच्या देवळातलं कोरीव काम नुसतं काळं येतं. परसातल्या उंबरावर धनेश येतात, ते ठिपक्याएवढे दिसतात. भाचा म्हणतो, मिररलेस घे. रत्नागिरीच्या दुकानदाराने 40 पट झूमचा छोटासा कॅमेरा दाखवला, तो हातात छान बसला. बटणांच्या भानगडीत मला पडायचं नाही. पर्समध्ये मावेल, काढला, दाबला, झालं, असा हवा. ₹60,000 पर्यंत खर्च करू शकते. कुठला घेऊ? सोबत आठ फोटो पाठवते आहे."

नमस्कार ताई,

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. कॅमेरा कुठला घेऊ असं विचारणारे बरेच जण चांगले आलेले फोटो पाठवतात. तुम्ही बिघडलेले पाठवलेत, आणि कॅमेरा निवडायला तेच लागतात. आठातले पाच नातवाचे, दोन देवळातले, एक धनेशाचा. म्हणजे तुम्हाला कशाचे फोटो हवे आहेत, तेही त्यातच कळलं.

तिसरा फोटो पुन्हा उघडा. नातू पाटावर बसून टाळ्या वाजवतोय तो. बोटांनी मोठा करून बघा. चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ आहे आणि दोन्ही हात धुरासारखे झालेत. आता त्याच्या डोक्यामागे भिंतीवर कॅलेंडर आहे ते बघा. त्यातले आकडे वाचता येतात, तारखेखालची बारीक अक्षरंसुद्धा जवळजवळ लागतात. तुमचा हात हलला असता तर कॅलेंडरही फरफटलं असतं, पाटाची कडही दुहेरी दिसली असती. फोटोतलं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसलं तर हात हलला. एकच गोष्ट पुसट आणि बाकी सगळं ठाक, तर ती गोष्ट हलली. नातवाच्या पाचही फोटोंत मागची भिंत स्थिर आहे. तुमचा हात ठीक आहे, ताई. हलला तो नातू, आणि चार वर्षांच्या पोराने हलायचंच असतं.

हे एवढं लांबवून सांगतोय, कारण सगळी निवड यावरच ठरते. हाताच्या कंपावर कॅमेऱ्यात उपाय असतो. आतलं भिंग किंवा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चकती, सूक्ष्म हलून तो कंप सावरून घेतो. दुकानदार त्याला स्टॅबिलायझेशन म्हणतो आणि हल्ली बहुतेक कॅमेऱ्यांत ते असतं. पण त्याचा हलणाऱ्या मुलावर काडीचा उपयोग नाही. मूल स्थिर दिसायला शटर भरकन उघडून बंद व्हावं लागतं, साधारण सेकंदाच्या अडीचशेव्या भागात. एवढ्या कमी वेळात फोटोपुरता उजेड आत यायचा, तर दार मोठं हवं. तुमचे पाचही फोटो घरात, संध्याकाळी, एका ट्यूबलाइटखाली काढलेले आहेत. ट्यूबचा उजेड आपल्या डोळ्यांना पुरेसा वाटतो, पण कॅमेऱ्याच्या हिशेबात तो अंधारच. मोबाइल मग शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि तेवढ्यात टाळी वाजून गेलेली असते.

म्हणून तुम्हाला कमी वेळात जास्त उजेड घेणारा कॅमेरा हवा. झूम किती, मेगापिक्सेल किती, हे त्यानंतरचं.

उजेड घेण्याची ताकद दोन गोष्टींवरून कळते. एक, भिंगाचं तोंड किती मोठं उघडतं. ते भिंगावरच लिहिलेलं असतं, एफ 1.8, एफ 3.3 असं. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं, हे उलटं आहे तेवढं लक्षात ठेवा. दुसरं, आतला सेन्सर केवढा आहे. बहुतेक स्वस्त आणि जास्त झूमच्या छोट्या कॅमेऱ्यांत तो साधारण 6.2 गुणिले 4.6 मिलिमीटरचा असतो, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्याहून वरच्या वर्गाला बाजारात 'एक इंची सेन्सर' म्हणतात. तो प्रत्यक्षात एक इंच नसतो, 13.2 गुणिले 8.8 मिलिमीटरचा असतो. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या मापावरून ते नाव चिकटलंय. इंच नसला तरी क्षेत्रफळ आधीच्याच्या चौपट आहे, आणि छोट्या कॅमेऱ्यांत खरा फरक पडतो तो इथे.

आता दुकानदाराने दाखवलेला कॅमेरा. पत्रातल्या वर्णनावरून तो कॅननचा एसएक्स740 असावा. 2018 सालचा कॅमेरा, वजन 300 ग्रॅम, 40 पट झूम, आणि सेन्सर तोच नखापेक्षा लहानवाला. एवढा लांबचा झूम खिशात मावेल अशा भिंगात बसवायचा तर सेन्सर लहानच ठेवावा लागतो, त्याला इलाज नाही. त्याचं तोंड झूम न करता एफ 3.3 आणि पूर्ण झूमवर एफ 6.9. एफ 1.8 च्या भिंगातून एफ 3.3 पेक्षा साडेतीन पटीच्या आसपास जास्त उजेड येतो, आणि एफ 6.9 पेक्षा जवळजवळ पंधरा पट. म्हणजे तो कॅमेरा घेऊन तुम्ही घरात नातवाचा फोटो काढलात तर तो पुन्हा हलेल, किंवा कॅमेरा उजेड ओढूनताणून वाढवेल आणि चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे कण दिसतील. तुमच्या मोबाइलपेक्षाही वाईट फोटो येण्याची शक्यता आहे, आणि ₹60,000 मधले पैसे घालून तसं झालं तर मला फार वाईट वाटेल. दुकानदाराने फसवलं असं मात्र मी म्हणणार नाही. त्याने कॅमेरा रस्त्यावर, उन्हात धरून दाखवला असणार, आणि उन्हात तो छानच फोटो काढतो.

धनेशासाठी हाच कॅमेरा बरोबर आहे, हेही सांगून टाकतो. सकाळच्या उजेडात उंबराच्या शेंड्यावरचा पक्षी 40 पट झूमने चोचीवरच्या शिंगासकट टिपता येईल. म्हणून निवड तुमची आहे, पण ती डोळे उघडे ठेवून करा. घरातला नातू आणि झाडावरचा धनेश हे दोन्ही पर्समध्ये मावणाऱ्या एकाच कॅमेऱ्यात, तुमच्या पैशांत, नीट येत नाहीत. तुमच्या आठांत पाच आणि एक अशी विभागणी आहे, मी त्या पाचांच्या बाजूने उभा आहे. धनेशासाठी जमेल तेव्हा एक साधी दुर्बीण घ्या. फोटोपेक्षा दुर्बिणीतून पाच मिनिटं बघण्यातच त्या पक्ष्याचं सुख जास्त आहे, असं माझं मत आहे.

भाच्याचंही ऐकून घेऊ. मिररलेस म्हणजे भिंग बदलता येणारा कॅमेरा. त्याचा सेन्सर आणखी मोठा असतो, भाच्याचं म्हणणं चूक नाही. पण उदाहरणादाखल कॅननचा आर50 घ्या. नुसता कॅमेरा 375 ग्रॅम, सोबत मिळणारं 18-45 भिंग 130 ग्रॅम, झाला अर्धा किलो. आणि ते भिंग उघडतं एफ 4.5 पर्यंतच. सेन्सर एक इंचीपेक्षा साधारण तिप्पट मोठा, पण एफ 1.8 च्या तुलनेत भिंगातून येणारा उजेड सहाव्या हिश्श्याएवढा. गुणाकार-भागाकार केलात तर छोट्या एक इंची कॅमेऱ्याला तेवढ्याच वेळात दुप्पट उजेड मिळतो. भाचा म्हणेल, मोठ्या तोंडाचं वेगळं भिंग घे. ते घेतलं की पैसे वाढले, पिशवी वाढली, भिंग बदलणं आलं, आणि कॅमेरा कपाटात राहिला. नातवाने टाळी वाजवली तेव्हा कॅमेरा हाताशी हवा.

तर माझी शिफारस: एक इंची सेन्सर, एफ 1.8 चं भिंग, आणि डोळ्याला लावून बघायची खिडकी म्हणजे व्ह्यूफाइंडर असलेला कॅमेरा. या तिन्ही गोष्टी 300 ग्रॅमच्या आत बसवणारे फार थोडे आहेत. सोनीची आरएक्स100 मालिका 2012 साली सुरू झाली, तिच्यातला मार्क 5ए हा तुमच्या कामाचा. भिंग 24-70, म्हणजे जेमतेम तिप्पट झूम, तोंड एफ 1.8 ते 2.8, आणि हलत्या माणसावर फोकस धरायला चपळ. तो हाती लागला नाही तर 2014 चा मार्क 3 बघा. भिंग तसंच, खिडकीही आहे, फक्त फोकस थोडा सावकाश लागतो. पुढचे मार्क 6 आणि 7 महाग आहेत आणि त्यांच्यात झूम वाढवण्यासाठी तोंड लहान करून एफ 2.8 केलंय, म्हणजे तुमच्यासाठी उलटी गंगा. नवा 5ए तुमच्या पैशांत बसला तर उत्तम, नाही तर चांगल्या स्थितीतला जुना घ्यायला मी अजिबात कचरणार नाही.

कॅननचा जी7 एक्स मार्क 3 आणि सोनीचा झेडव्ही-1 तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. भिंग आणि सेन्सरच्या दृष्टीने दोन्ही चांगले. पण दोन्हींना खिडकी नाही. उन्हात पडदा दिसत नाही हे तुमचं दुसरं दुखणं, ते तसंच राहील. रिकोचा जीआर आणि फुजीचा एक्स100 हे रसिकांचे कॅमेरे, दोन्हींना झूमच नाही. ते सोडून द्या. पाऊस आणि समुद्र हेच मुख्य असते तर ओएम सिस्टिमचा टीजी-7 सांगितला असता. तो 15 मीटर पाण्यात चालतो आणि त्याचं भिंग बाहेर येत नाही, त्यामुळे वाळूचं भय नाही. पण सेन्सर पुन्हा तोच लहान.

खिडकीबद्दल थोडं सविस्तर, कारण चष्मेवाल्यांना दुकानात ती नीट दाखवत नाहीत. आरएक्स100 च्या डाव्या अंगाला एक लहान खटका आहे. तो खाली सरकवला की टक करून एक चौकोनी ठोकळा वर येतो. तेवढ्यावर आत बघाल तर सगळं धुरकट दिसेल आणि तुम्हाला वाटेल, बिघडलेला दिसतोय. त्याची काच नखाने धरून आपल्याकडे ओढायची, मग चित्र लागतं. वरच एक टिचभर दांडी आहे. चष्मा काढून आत बघा आणि अक्षरं स्वच्छ होईपर्यंत ती सरकवा. तुमचा नंबर फार जास्त नसेल तर चष्म्याशिवायही स्पष्ट दिसेल. मार्क 3 मध्ये हा ठोकळा आत ढकलला की कॅमेराच बंद होतो, तेव्हा दचकू नका. 5ए मध्ये मेनूत जाऊन तसं न होऊ देण्याची सोय आहे. आणि खिडकीचा आणखी एक फायदा तुमच्यासाठी आहे. कॅमेरा कपाळाला टेकतो, दोन्ही कोपरं अंगाशी येतात आणि हाताचा कंप आपोआप कमी होतो. मोबाइल हात लांब करून धरावा लागतो, कंप तिथे जास्त जाणवतो.

जुना घ्यायचा तर घाई नको. मुंबईत येणं झालं तर फोर्टातल्या बोरा बाजारात कॅमेऱ्यांची दुकानं ओळीने आहेत, तिथे पाच ठिकाणी हाताळून बघता येतं. कॅमेरा चालू-बंद पाच-सहा वेळा करा. भिंग बाहेर येताना खर्रर्र आवाज आला किंवा ते मध्येच अडखळलं तर परत द्या, या छोट्या कॅमेऱ्यांचं मुख्य दुखणं तेच. मोबाइलचा टॉर्च भिंगावर तिरपा पाडून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो काढून मोठा करा, तोच काळा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी आला तर सेन्सरवर धूळ आहे. ती काढायला सगळा कॅमेरा उघडावा लागतो. बॅटरी बाहेर काढून टेबलावर ठेवा, डुगडुगली तर ती फुगलीय.

नवा घेताना खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं चिकटवलेलं आहे ना ते बघा, आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. एका दुकानात काही हजार वाचतात म्हणून मी एकदा नुसत्या पावतीवर कॅमेरा घेतला होता. आठ महिन्यांत भिंग अडकलं, आणि कंपनीच्या केंद्रात सांगितलं की हा भारतात विकायला आलेलाच नाही, वॉरंटी लागू होत नाही. वाचलेल्या पैशांच्या तिप्पट दुरुस्तीत गेले. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

बटणं नकोत म्हणालात. वरच्या चकतीवर हिरवं ऑटो असतं, नव्वद टक्के फोटो त्यावर काढा. घरात नातू असेल तेव्हा मात्र चकती 'एस'वर आणा. तिथे शटरचा वेग 1/250 एकदाच लावून ठेवायचा आणि आयएसओ, म्हणजे उजेड ओढूनताणून वाढवण्याचा आकडा, ऑटोवर सोडायचा, पुढच्या वेळी तो आकडा तिथेच असतो. भाच्याला सांगा, तो दोन मिनिटांत लावून देईल आणि त्यालाही बरं वाटेल. शिवाय त्याच्याकडूनच डिजिटल झूम बंद करून घ्या आणि तारीख-वेळ बरोबर करून घ्या. नातवाचे फोटो काढताना झूम करू नका, दोन पावलं पुढे जा. झूम केला की तोंड एफ 2.8 होतं आणि कमावलेला उजेड निम्म्याहून जास्त जातो.

फ्लॅशचं एक सांगण्यासारखं आहे. या कॅमेऱ्याचा वर येणारा फ्लॅश बोटाने मागे दाबून छताकडे वळवता येतो, मग उजेड छतावरून पसरून मऊ पडतो. पण छत पांढरं आणि जवळ हवं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये छान चालेल. तुमच्या फोटोंत वर कौलं आणि वासे दिसतात, तिथे तो सगळा उजेड कौलांत गडप होईल. देवरुखच्या घरी फ्लॅशचा नाद सोडा, त्यापेक्षा ट्यूबच्या जोडीला आणखी एक दिवा लावा. साध्या दिव्याचा परिणाम बघून चकित व्हाल.

देवळाच्या दोन फोटोंत कॅमेऱ्याची काही चूक नाही. तुम्ही सभामंडपात उभं राहून दाराकडे तोंड करून फोटो काढलेत. दारातून पांढरं ऊन येतंय, कॅमेऱ्याने त्याचा हिशेब धरला आणि खांब काळे केले. दाराकडे पाठ करून उभ्या राहा, म्हणजे तोच उजेड कोरीव कामावर पडेल. जरा बाजूने पडला तर आणखी चांगलं, नक्षीला खोली सावलीनेच येते. कॅमेरा कट्ट्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावा, खांब काही पळून जात नाही, शटर हवं तेवढं उघडं राहू दे. काळा दगड कॅमेरा उगाच राखाडी करतो, म्हणून एकच बटण शिकून घ्या, अधिक-उणेचं. काळ्या दगडाला थोडं उण्याकडे न्यायचं, आणि खिडकीसमोर बसलेल्या नातवाचा चेहरा काळा येत असेल तर एक घर अधिककडे. हे तुमच्या मोबाइलवरही होतं. कॅमेरा येईपर्यंत त्याच्यावर सराव करा.

सोबत एक जादा बॅटरी घ्याच. 5ए एका चार्जिंगवर साधारण सव्वादोनशे फोटो काढतो, सहलीत ते दुपारपर्यंत संपतात. विमानाने जाणार असाल तर जादा बॅटरी हातातल्या बॅगेत ठेवायची, खाली देण्याच्या बॅगेत नाही. चार्जिंगला जुन्या मोबाइलची बारकी मायक्रो वायर लागते, नव्या मोबाइलची लागत नाही. फोटो मोबाइलवर घ्यायला टाइप-सीचं छोटं कार्ड रीडर आणा, वायफाय जोडत बसण्यापेक्षा ते सोपं.

आणि आपल्या कोकणातल्या पावसाबद्दल. जून ते सप्टेंबर कॅमेरा चामड्याच्या पाकिटात, लाकडी कपाटात ठेवू नका, भिंगाला बुरशी तिथेच धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्यात ठेवा. रंग बदलणारं जेल मिळतं, रंग बदलला की तव्यावर मंद आंचेवर परतून घ्या, पुन्हा कामाला येतं. आठवड्यातून एकदा बाहेर काढून चार फोटो काढा. कॅमेऱ्याला वापर चांगला.

दुकानात शक्यतो नातवाला घेऊनच जा. आतल्या भागात, जिथे रस्त्यावरचा उजेड पोचत नाही तिथे, त्याला उड्या मारायला सांगा. कॅमेरा 'एस'वर, 1/250, झूम नाही, आणि दहा फोटो काढा. मग कार्ड काढून घरी आणा आणि मोबाइलवर मोठे करून त्याचे हात बघा. बोटं मोजता आली तर दुसऱ्या दिवशी जाऊन पैसे द्या.